पहिला वर्ग आणि पहिल्या वर्गाची बोट



भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या बोटी ज्यांनी पाहिल्या आहेत, अशी काही वडीलधारी मंडळी या सभेत असतील. त्या बोटीला वरचा डेक असे आणि खालचा डेक असे. आमचे वडील खालच्या डेकचे उतारू. पाट्या, बोचकी, कोंबड्या आणि रडणारी पोरे यांच्यामध्ये सतरंजीपुरती जागा मिळाली म्हणजे प्रवास चांगला झाला, असे ते म्हणत. वर जाणाऱ्या जिन्याशी तिकीट पाहणारा माणूस उभा असे. परंतु वडील आणखी एक गोष्ट सांगत. समुद्र खवळला म्हणजे वरच्याचे आणि खालच्याचे पोट सारखेच ढवळून निघे, आणि वर कोण बसले आहे हे खालच्याला दिसत असे.

आजच्या आमच्या विषयाचे बीज या गोष्टीत आहे. विषय आहे ऐषारामाच्या समुद्रसफरींचा. शंभर-सव्वाशे श्रीमंत उतारूंची लहान बोट चांगली, की दोन-तीन हजार उतारूंच्या प्रचंड जहाजातला सर्वांत वरचा वर्ग चांगला? ज्यांचे शिक्षण सातवीत थांबले आणि ज्यांचा जन्म कामगारांच्या चळवळीत गेला, त्या आम्ही या विषयाला हात का घालावा, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी मालवणकडचा एक तरुण संध्याकाळी आमच्या युनियनच्या कचेरीत आला. हॉटेलात वेटरचे काम शिकलेला. त्याच्या हातात नोकरीचे दोन कागद होते, एक लहान बोटीचा आणि एक मोठ्या जहाजाच्या वरच्या वर्गातील भोजनगृहाचा. तो म्हणाला, “काका, लहान बोट बरी की मोठी? तुम्ही सांगाल तिथे सही करतो.” आम्हांला उत्तर देता आले नाही. त्याला चार दिवस थांबावयास सांगितले आणि आम्ही वाचनालयाची वाट धरली. त्या चार दिवसांत जे वाचले आणि पुढे वाचीत राहिलो, ते आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम मोठ्या जहाजाची कथा पाहू. युरोप आणि अमेरिका यांच्या दरम्यान ठरलेल्या वेळापत्रकाने धावणारी जी प्रचंड जहाजे, त्यांना लायनर म्हणतात. त्यांच्या पहिल्या वर्गाची चित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. लाकडी कोरीव जिने, झुंबरे, वाद्यवृंद, तऱ्हेतऱ्हेची पक्वान्ने. परंतु हे वैभव कोणाच्या जिवावर चालले होते? कंपन्यांचा मोठा आधार होता तो तळाशी बसलेल्या देशांतर करणाऱ्या गरिबांचा. १९०७ या एका वर्षात अमेरिकेत १२ लाख ८५ हजारांवर माणसे नव्याने आली. त्यांतील बहुतेक याच जहाजांच्या पोटातून आली. एकेकाचे भाडे थोडे, पण डोकी हजारो. पहिल्या वर्गाने कंपनीला नाव दिले, आणि तळाच्या वर्गाने कंपनीचा गल्ला भरला. शेतावर राबणारा आणि ओसरीवर बसणारा एकाच वाड्यात राहावेत, तशी ही व्यवस्था होती.

वाडा एक असला तरी दारे निराळी होती. त्याचा हिशेब १९१२ च्या एप्रिलात ‘टायटॅनिक’ने दिला. ब्रिटिश चौकशीच्या अहवालाप्रमाणे पहिल्या वर्गातील शेकडा ६२ उतारू वाचले, दुसऱ्यातील ४१, तिसऱ्यातील २५ आणि जहाजावरील कामकऱ्यांपैकी शेकडा २४. येथे न्यायाने बोलले पाहिजे. कामकरी बहुतेक पुरुष होते, आणि बायकामुले आधी उतरवावी असा हुकूम होता. नुसत्या पुरुषांचा हिशेब केला तर दुसऱ्या वर्गातील पुरुष सर्वांत कमी, म्हणजे शेकडा ८ वाचले. परंतु मुलांचा हिशेब करा. दुसऱ्या वर्गातील चोवीसच्या चोवीस मुले वाचली आणि तिसऱ्या वर्गातील ७९ पैकी अवघी २७. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंशी भेदभाव झाला नाही असा निर्वाळा चौकशीने दिला खरा, पण त्या चौकशीत तिसऱ्या वर्गातील एकाही उतारूची साक्ष झाली नव्हती.

तरीसुद्धा या आपत्तीतून एक चांगली गोष्ट निघाली. सगळे वर्ग एकाच जहाजावर असल्यामुळे आकडे शेजारी शेजारी मांडता आले. आकडे बोलले म्हणून जग हादरले, आणि १९१४ मध्ये लंडनला राष्ट्रांची परिषद भरून जहाजावरील प्रत्येक माणसाला जीवरक्षक होडीत जागा असली पाहिजे, असे ठरले. भेद डोळ्यांना दिसला म्हणजे त्याविरुद्ध बोलता येते. वडिलांच्या वरच्या डेकची गोष्ट आम्ही आरंभी सांगितली ती यासाठी.

आता लहान बोटीकडे वळू. ही कल्पना अगदी आजची आहे असे पुष्कळांना वाटते. वास्तविक तिला सव्वाशे वर्षे होऊन गेली. हिवाळ्यात अटलांटिक महासागर खवळतो, उतारू कमी होतात आणि जहाजे धक्क्याला पडून राहतात. पडून राहिलेले जहाज म्हणजे मालकाच्या उरावरचे ओझे. हँबुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालिन याने यावर तोड काढली. २२ जानेवारी १८९१ रोजी त्याने ‘औगुस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज २४१ उतारू घेऊन भूमध्य समुद्रात नुसत्या सहलीसाठी पाठविले. लोकांनी वेड्यात काढले असले तरी सफर यशस्वी झाली. मात्र एक अडचण कळली. तीन वर्गांसाठी बांधलेले जहाज सहलीला सोयीचे नसते, कारण खालच्या वर्गाची जागा हौशी उतारूंच्या उपयोगाची नसते. तेव्हा बालिनने खास सहलीसाठीच बोट बांधविली. १९०० साली पाण्यात उतरलेली ही ‘प्रिन्त्सेसिन व्हिक्टोरिया लुईझ’. वजन सुमारे ४,४०० टन, खोल्या १२०, आणि सर्वच्या सर्व पहिल्या वर्गाच्या. डौल एखाद्या राजाच्या खासगी नौकेचा. १९०६ च्या डिसेंबरात जमैकाच्या किनाऱ्याजवळ ती खडकावर चढली आणि कायमची गेली. उतारू सुखरूप उतरले. परंतु तिने घालून दिलेला कित्ता राहिला. खालचा वर्गच नाही अशी बोट निघू शकते, हे जगाला कळले.

इकडे मोठ्या जहाजांचे काय झाले? १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी अमेरिकेने परदेशी गरिबांना दार जवळजवळ लावून घेतले. तळ रिकामा पडला. मग कंपन्यांनी तोच तळ धुऊन रंगवून, खाटा बदलून, शिक्षक आणि विद्यार्थ्यांसाठी ‘टूरिस्ट’ वर्ग काढला. १९३६ साली निघालेल्या क्युनार्ड कंपनीच्या ‘क्वीन मेरी’वर ‘केबिन’, ‘टूरिस्ट’ आणि ‘थर्ड’ असे तीन वर्ग होते. सर्वांत वरच्या वर्गात ७७६ उतारूंची सोय होती. पण त्या ७७६ जणांतही सगळे सारखे राहू नयेत अशी तजवीज होती. जहाजाच्या मागच्या अंगाला ‘व्हरांडा ग्रिल’ नावाचे लहानसे भोजनगृह होते, तेथे जेवावयाचे तर वेगळे पैसे मोजावे लागत. म्हणजे पहिल्या वर्गाच्या पोटात आणखी एक पहिला वर्ग.

१९५८ च्या ऑक्टोबरात जेट विमाने अटलांटिक ओलांडू लागली आणि या जहाजांचे दिवस भरले. ‘क्वीन मेरी’ १९६७ मध्ये कायमची धक्क्याला लागली. तिच्यामागून १९६९ साली आलेल्या ‘क्वीन एलिझाबेथ टू’ या जहाजाने काळ ओळखून अर्धे वर्ष अटलांटिक ओलांडावा आणि अर्धे वर्ष सहली कराव्या, असा बेत होता. पण पहिला वर्ग तिने सोडला नाही. १९७२ मध्ये तिच्यावर ‘क्वीन्स ग्रिल’ हे भोजनगृह वाढविले. ज्याची खोली सर्वांत महाग त्याचे ताट तेथे. खोली कोणती यावरून भोजनगृह कोणते, हा नियम ठरून गेला.

आणि आता योगायोग पहा. १९८४ साली फिनलंडमध्ये बांधलेली ‘सी गॉडेस’ नावाची बोट निघाली, पुढच्या वर्षी तिची जोडबहीण आली. प्रत्येकीचे वजन सुमारे ४,२५० टन, खोल्या ५८, उतारू ११६. बालिनच्या बोटीहून आकाराने थोडी लहानच. चौऱ्याऐंशी वर्षांनी जग फिरून तेथेच आले! मात्र धंदा बसेना. तेव्हा १९८६ मध्ये या दोन्ही बोटी कोणी चालवावयास घेतल्या? क्युनार्डने. एकाच कंपनीच्या पेढीवर ‘क्वीन्स ग्रिल’चेही तिकीट मिळू लागले आणि ‘सी गॉडेस’चेही. आमच्या मते तुलना करावयाची तर याच जोडीची करावी, कारण मालक एक आणि गिऱ्हाईकही एकाच थरातले.

मोठ्या जहाजाची बाजू अशी. वजन सुमारे ६७,००० टन, त्यामुळे उसळत्या समुद्रातही चाल बरीच स्थिर. वेग ताशी ३० सागरी मैलांहून अधिक. नाट्यगृह, ग्रंथालय, दवाखाना, सगळे एका गावाला पुरेल असे. ‘क्वीन्स ग्रिल’च्या उताऱ्याला हे सर्व मिळे आणि वर गर्दीपासून अलग राहण्याची सोय. नाट्यगृहाचा खर्च एकटा तो देत नव्हता, खालचे हजार-दीड हजार उतारूही तो देत होते. जुन्या लायनरचा हिशेब येथे निराळ्या रूपाने चालू राहिला. उलटपक्षी, जहाज १० मीटरच्या आसपास पाण्यात बुडते, म्हणून मोठी बंदरेच तिला धरता येत. बाकी ठिकाणी दूर नांगर टाकून लहान होड्यांनी उतरावे लागे.

लहान बोटीची बाजू अशी. ती चार मीटरच्या आसपास पाण्यात बुडते. जेथे पूर्वी कोळ्यांच्या होड्याच लागत, अशा लहान बंदरातही ती शिरते. जेवावयास कोठेही आणि कोणाबरोबरही बसा, पेय आणि बक्षिशी भाड्यातच. रांग नाही, गर्दी नाही. पण समुद्र खवळला तर ४,००० टनांची बोट काय करील, हे कोकणच्या माणसाला सांगावयास नको. नाट्यगृह नाही, दवाखाना बेताचा, आणि शंभर सोबत्यांपैकी चार खडूस निघाले तर सबंध सफर त्यांच्याबरोबर काढावयाची. शिवाय सगळा खर्च शंभर जणांतच वाटला जातो, म्हणून भाडे जबर.

एवढे सांगून थांबलो असतो तर हे प्रवासी कचेरीचे भाषण झाले असते. इतिहासाने जे सांगावयाचे ते पुढेच आहे. मोठ्या जहाजात भिंत जहाजाच्या आत आहे. लहान बोटीत बोटीची कडा हीच भिंत. जो भाडे देऊ शकत नाही तो खालच्या डेकवर नसतो, तो बोटीवरच नसतो. म्हणून लहान बोटीवर सगळे सारखे, तेथे वर्गभेद नाही, असे जे सांगतात ते खरेही आहे आणि खोटेही आहे. आता तर मोठ्या जहाजांनी लहान बोटीचे नावसुद्धा उचलले आहे. २००८ साली एमएससी कंपनीने ‘फँटाझिया’ या प्रचंड जहाजावर वेगळे दार, वेगळा पोहण्याचा तलाव आणि वेगळे भोजनगृह असलेला विभाग काढला आणि त्याला ‘यॉट क्लब’ असे नाव दिले. यॉट म्हणजे खासगी नौका! मोठ्याला लहान व्हावेसे वाटते आणि लहानाला मोठ्याचा थाट हवा असतो. दोघांचे ध्येय एकच, आपल्याहून गरीब माणूस नजरेस पडू नये.

परंतु श्रोतेहो, तो माणूस बोटीवरून गेलेला नाही. देशांतर करणारा गेला, विद्यार्थी गेला, आणि आता तिसऱ्या वर्गात उरला आहे कामकरी. ‘सी गॉडेस’च्या त्या दोन बोटी २००१ पासून ‘सीड्रीम’ या नावाने चालतात. उतारू ११२ आणि कामकरी ९५, असे त्यांचे मालक अभिमानाने सांगतात. आम्ही हा आकडा उतारूच्या बाजूने वाचीत नाही. त्याच ४,००० टनांत हे ९५ जण निजतात कोठे, असा प्रश्न आम्हांस पडतो.

हा प्रश्न आपल्या किनाऱ्याचा जुना आहे. इंग्रजांच्या अमदानीत मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजांवर पहिल्या वर्गाच्या साहेबाला वाढणारे हात गोव्याचे होते, डेकवर राबणाऱ्या सारंग-तांडेलांत रत्नागिरीकडचे कितीतरी होते, आणि भट्टीपुढे पंजाबी आणि पठाण भाजून निघत होते. १९०६ च्या कायद्याने इंग्रज खलाशाला निजावयास १२० घनफूट जागा ठरली, आणि हिंदी खलाशाला ३६. छत्तीस घनफूट म्हणजे सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच. घरी जाऊन धान्याची मोठी कोठी मोजून पहा. पगार दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा इंग्रज खलाशाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास होता. १९३९ च्या शेवटच्या महिन्यांत हिंदी खलाशांनी परक्या बंदरांत जहाजे हाकण्यास नकार दिला, कित्येक तुरुंगात गेले, तेव्हा कोठे पगार वाढला. इंग्रज खलाशालाही कोणी आपण होऊन काही दिले नाही. ५६ तासांच्या आठवड्याचे ४० तास व्हावे म्हणून १९६६ मध्ये ते सुमारे सात आठवडे संपावर होते, आणि त्या संपात क्युनार्डच्या राण्याही धक्क्याला बांधून राहिल्या.

मालकांनी मग दुसरी वाट धरली. जहाजावर निशाण ज्या देशाचे, कायदा त्या देशाचा. ही युक्ती जुनी आहे. १९२२ साली दारूबंदीतून सुटण्यासाठी दोन अमेरिकन जहाजांनी पनामाचे निशाण लावले, आणि दारूसाठी लावलेले निशाण पुढे मजुरीसाठी कामास आले. क्युनार्डने २०११ मध्ये साउदॅम्प्टनची नोंद काढून बर्म्यूडाची घेतली. ‘सीड्रीम’च्या बोटी बहामाचे निशाण लावतात. म्हणजे लहान काय आणि मोठे काय, या बाबतीत सारखेच.

तथापि काहीच बदलले नाही असे म्हणणे हा कृतघ्नपणा होईल. २००६ साली जिनीव्हा येथे खलाशांच्या श्रमाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. तो २०१३ मध्ये अंमलात आला आणि २०१५ मध्ये भारताने मान्य केला. त्याप्रमाणे नव्या प्रवासी जहाजावर दोन कामकऱ्यांच्या खोलीला निदान साडेसात चौरस मीटर, म्हणजे सुमारे ८० चौरस फूट जागा पाहिजे. आमच्या चाळीतील दहा बाय दहाच्या खोलीहून ती लहान, पण छत्तीस घनफुटांच्या कोठीहून फार मोठी. कामाची कमाल मर्यादा मात्र आठवड्यास ७२ तास, किंवा निदान ७७ तासांची विश्रांती. आपल्या कारखान्यांसाठी १९४८ च्या कायद्यात ४८ तास लिहिले गेले होते, हे ध्यानात घ्या. नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेण्यासही त्या कराराने मनाई केली. पूर्वी घाट सारंग हे पैसे घेई. आज एजंट घेतो, आणि पावती देत नाही.

आणि कायद्याच्या पलीकडची कसोटी २०२० मध्ये लागली. साथ आली. सफरीच्या बोटींवरील उतारू काही आठवड्यांत घरोघर पोचले. कामकरी महिनोन्‌महिने समुद्रावर राहिले, कारण कोणताही देश त्यांना उतरू देईना. सगळ्या जगाच्या जहाजांचा हिशेब धरला तर त्या वर्षाच्या अखेरीस सुमारे चार लाख खलाशी मुदत संपूनही अडकलेले होते. ‘टायटॅनिक’च्या कोष्टकात कामकऱ्याची ओळ सर्वांत खाली होती. एकशे आठ वर्षांनी ती तेथेच सापडली.

आता त्या मालवणच्या मुलाला आम्ही काय सांगितले ते सांगून आपली रजा घेतो. आम्ही म्हणालो, “बाबा, बोट लहान की मोठी हे उतारूने पाहावे. तू दोन्ही कागदांवर चार गोष्टी शोध. निशाण कोणत्या देशाचे? विश्रांतीचे तास लिहिले आहेत का? बक्षिशी पगारात धरली आहे की पगारावर? आणि परत येण्याचे भाडे कोणी द्यावयाचे?” मोठ्या जहाजाच्या कागदावर चौथ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्याने लहान बोट धरली.

आठ महिन्यांनी तो भेटावयास आला. अंगाने वाळला होता पण खुशीत होता. पाहुणे नावाने हाक मारतात, बक्षिशीची कटकट नाही, असे म्हणाला. परंतु बोट लहान, माणसे मोजकी, म्हणून एक आजारी पडला की दुसऱ्याने त्याचे काम ओढावयाचे, आणि तक्रार करावी तर ती संध्याकाळपर्यंत कप्तानाच्या कानावर गेलेली. मोठ्या जहाजावर निदान गर्दीत मिसळता येते, बरोबरीचे हजार असतात, चार माणसे जमवून बोलता येते, असे त्याला तेथील एका जुन्या सोबत्याने सांगितले होते. पुढच्या खेपेस तो मोठ्या जहाजावर गेला. या वेळी परतीच्या भाड्याचे कलम त्याने आधी लिहून घेतले, आणि आपल्याबरोबर सही करणाऱ्या दुसऱ्या तिघांनाही ते लिहून घ्यावयास लावले.

आपल्यापैकी कोणी निवृत्तीनंतर हौसेने अशी सफर करील, तर अवश्य करावी. समुद्र सर्वांचा आहे. फक्त बोटीवर चढल्यावर एक करावे. आपल्यासमोर चहा ठेवणाऱ्या मुलाला त्याचे गाव विचारावे. पुष्कळदा ते आपल्याच किनाऱ्यावरचे निघेल. मग त्याला आज किती तास झाले, हेही विचारावे.